डब्याला बसलेला तो डाग

मागच्या अंकात या सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की घरातल्या काही वस्तूंमधली रसायनं शरीरात जाऊन हार्मोन असल्याचं सोंग घेतात, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून यावेळचं सदर त्यालाच देतेय. सुरुवातीलाच थोडं सांगून टाकते म्हणजे प्रत्येक उत्तरात परत तेच नको. हार्मोन म्हणजे शरीरातली निरोप पोचवणारी मंडळी, रक्तातून फिरतात आणि ज्या पेशीवर त्यांचं कुलूप असतं तिथेच त्यांची किल्ली लागते. काही रसायनांचा आकार त्या किल्लीशी बऱ्यापैकी जुळतो, मग कधी कुलूप भलत्या वेळी उघडतं, कधी खोटी किल्ली आत अडकते आणि खरी बाहेर ताटकळत राहते. काही रसायनं तर कुलपाच्या भानगडीतच पडत नाहीत, हार्मोन तयार होतानाच खोडा घालतात. या सगळ्यांना एंडोक्राइन डिसरप्टर म्हणतात, हे नाव १९९१ साली अमेरिकेतल्या विंगस्प्रेडच्या बैठकीत रूढ झालं.

प्रश्न : ताई, एक व्हिडिओ बघितला आणि रात्री अकराला उठून स्वयंपाकघरातलं सगळं प्लास्टिक बाहेर काढलं. नवरा म्हणतो वेड लागलंय तुला. बाळासाठी मी बीपीए-फ्री बाटल्या आणल्यात, त्या तरी ठीक आहेत ना? आणि मायक्रोवेव्ह सेफ लिहिलेले डबे ठेवू की टाकू?

उत्तर : नवऱ्याला सांगा वेड वगैरे काही नाही, जरा घाई झाली एवढंच.

बीपीए म्हणजे बिसफेनॉल ए. कडक, काचेसारखं दिसणारं, पडलं तरी न फुटणारं जे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं ते यापासून बनतं, डबाबंद अन्नाच्या पत्र्याला आतून जो लेप देतात त्यातही हे असायचं, अजून बऱ्याच ठिकाणी असतं. आता त्याची एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका विद्यापीठात पॅट्रिशिया हंट नावाच्या संशोधक उंदरांच्या बीजांडांवर काम करत होत्या, सगळं सुरळीत चाललेलं, शंभरात एक-दोन बीजांडं खराब निघायची, तेवढं चालतं. आणि एकदम ते प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेलं! काय बिघडलं ते शोधता शोधता कळलं की कोणीतरी पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी पुसायच्या जहाल साबणाने धुतल्या होत्या, त्याने प्लास्टिक विरलं, बीपीए सुटलं आणि ते उंदरांच्या पोटात गेलं. म्हणजे प्रयोग कोणी केलाच नव्हता, भांडी घासण्यातली चूक होती ती.

पुढचा भाग अजून भारी आहे. बीपीएवर ओरड झाल्यावर हंटबाईंच्या लॅबमध्ये पिंजरे बदलले, दुसऱ्या प्लास्टिकचे आणले, आणि बऱ्याच वर्षांनी परत तोच घोळ. यावेळी खराब झालेल्या पिंजऱ्यांतून बीपीएस नावाचा भाऊबंद सुटत होता, तो पेपर २०१८ ला आला. म्हणून बीपीए-फ्री वाचलं की मी लगेच खूश होत नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ बीपीए नाही इतकाच, त्याच्या जागी कोण बसलंय ते लेबल सांगत नाही. तुमच्या बाटल्यांच्या बुडाला त्रिकोणात आकडा असेल तो बघा. ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला मुळात बिसफेनॉल लागतच नाही, निश्चिंत वापरा, फक्त उकळतं पाणी किंवा दूध थेट त्यात ओतू नका, बाहेर कोमट करा मग भरा. ७ म्हणजे 'इतर', त्यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि इतरही काहीबाही येतं, त्यामुळे नुसत्या ७ वरून काही कळत नाही. काचेची बाटली परवडत असेल आणि सांभाळता येत असेल तर प्रश्नच मिटला.

डब्यांचं म्हणाल तर तुमच्याकडे असा एक डबा असणारच, ज्यात कधीतरी तेलकट लालसर काहीतरी गरम गरम भरलं आणि तेव्हापासून त्याला जो पिवळट-केशरी डाग बसलाय तो घासून घासून हात दुखले तरी जात नाही, झाकण उघडलं की तो जुना वास पण येतो. तो डाग प्लास्टिकच्या वर नाहीये, आत आहे. गरम तेलाबरोबर रंग प्लास्टिकमध्ये शिरला. आता जी वाट आत जायची तीच बाहेर यायची पण असते ना. उष्णता, तेल, जास्त वेळ आणि घासून पडलेले ओरखडे, हे चार एकत्र आले की प्लास्टिकमधलं काही ना काही अन्नात उतरतंच, मग डब्यावर कितीही सुंदर पान काढलेलं असू दे. आणि मायक्रोवेव्ह सेफ या शब्दावर बऱ्याच जणांची फसगत होते, त्याचा साधा अर्थ डबा वितळणार नाही, वाकडा होणार नाही असा धरा, हार्मोनच्या बाबतीत ती कसली हमी नाही. तेव्हा डाग पडलेले, धुरकट झालेले, ओरखडे आलेले डबे अन्नातून बाद करा, त्यात खिळे, बटणं, रंगीत खडू ठेवा. बाकीच्यांत कोरडं, गार सामान खुशाल भरा. गरम करायचं ते काचेत किंवा चिनीमातीत, स्टीलमध्ये करायचं तर गॅसवर. रात्री अकराला उठायची गरज नाही.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. मी आणि माझी रूममेट आता सगळं पॅराबेन-फ्री घेतो, शाम्पू, क्रीम, सगळं. तरी ती म्हणते अजून परफ्यूम पण बंद कर. एवढं खरंच गरजेचं आहे का? मला परफ्यूम खूप आवडतो :(

उत्तर : अगं, तुझी रूममेट हुशार आहे पण मी तुझ्याही बाजूने आहे थोडी.

पॅराबेन म्हणजे क्रीम-शाम्पूत बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं टिकवणारं रसायन. ते इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे बायकांच्या मुख्य हार्मोनसारखं, वागतं हे खरं, पण फारच दुबळं, आणि सगळी पॅराबेनं सारखी नाहीत. मिथिल, इथिल ही त्यातली मवाळ, प्रॉपिल आणि ब्यूटिल जरा जास्त. युरोपने २०१४ मध्ये आयसोप्रॉपिल, आयसोब्यूटिल अशा पाच प्रकारांवर सौंदर्यप्रसाधनांत सरळ बंदी घातली, प्रॉपिल-ब्यूटिलची मर्यादा कमी केली आणि मिथिल-इथिल चालू ठेवली. आता गंमत बघ, पॅराबेन-फ्रीची लाट आली तेव्हा बाटलीत दुसरं काहीतरी टिकवणारं घालणं भागच होतं, नाहीतर शाम्पूत बुरशी धरेल. बऱ्याच कंपन्यांनी मिथिलआयसोथायझोलिनोन घातलं, आणि त्याने लोकांना त्वचेची इतकी अ‍ॅलर्जी झाली की २०१३ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने त्याला वर्षाचं अ‍ॅलर्जन म्हणून निवडलं. ही काय मिळवण्यासारखी पदवी आहे का!

त्यामुळे मी तुला लेबलवर आधी एकच शब्द शोधायला सांगेन, 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम'. हा एक शब्द म्हणजे बंद पेटी असते, आत डझनावारी पदार्थ असू शकतात आणि बहुतेक ठिकाणी ते एकेक करून छापायची सक्ती नाही. वास टिकून राहावा म्हणून डायइथिल थॅलेट वापरतात, थॅलेट हे रसायनांचं एक मोठं कुटुंब आहे आणि त्यातल्या काहींचा टेस्टोस्टेरॉनला, म्हणजे पुरुषी हार्मोनला, अडथळा होतो, डायइथिल त्यातलं सौम्य मानतात. बाटली एक नसते हे लक्षात घे. शाम्पू, कंडिशनर, बॉडी लोशन, डिओ, कपड्यांचा सॉफ्टनर, खोलीतला स्प्रे, वर परफ्यूम, म्हणजे दिवसाला सात वेळा वास. परफ्यूम आवडतो ना, मग तो ठेव, कपड्यावर मार, अंगावर नको, आणि बाकीच्या सहा वस्तू बिनवासाच्या घे. एक पाहशील, लेबलवर 'अनसेंटेड' लिहिलेलं असलं तरी कधी कधी मूळ वास झाकायला वास घातलेला असतो, 'फ्रॅग्रन्स-फ्री' त्यापेक्षा बरं.

याने फरक पडतो का? पडतो, आणि पटकन पडतो. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संशोधकांनी तुझ्याच वयाच्या आसपासच्या शंभर मुलींना फक्त तीन दिवस थॅलेट, पॅराबेन आणि ट्रायक्लोसान नावाचं जंतुनाशक नसलेली प्रसाधनं वापरायला दिली, २०१६ मध्ये ते छापून आलं. त्यांच्या लघवीतलं डायइथिल थॅलेटचं प्रमाण २७ टक्क्यांनी, मिथिल-प्रॉपिल पॅराबेनचं ४४-४५ टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसानचं ३६ टक्क्यांनी खाली आलं. तीन दिवसांत! नेलपॉलिशचं विचारलं नाहीस पण सांगते, लावताना खिडकी उघडी ठेव, बास.

प्रश्न : मी दुकानात बिलिंग काउंटरला असते, दिवसभर पावत्या हातात. सहावा महिना चालू आहे. बरोबरची मुलगी म्हणाली पावतीच्या कागदात पण ते बीपीए असतं. खरं आहे का? नोकरी तर सोडता येणार नाही.

उत्तर : खरं आहे, आणि नोकरी सोडायची काहीच गरज नाही. तुमच्या पत्रामुळे मी माझ्या पर्समधल्या सगळ्या पावत्या टेबलावर काढल्या आणि एकेकीवर नखाने जोरात रेघ ओढली. चार पावत्यांवर काळी रेघ उठली, एकीवर नाही. जिच्यावर उठते तो थर्मल कागद, त्यात शाई नसतेच, कागदावर एक लेप असतो आणि उष्णता लागली की तो काळा पडतो, नखाच्या घर्षणाची उष्णता पण पुरते. त्या लेपात रंग उठवायला बीपीए किंवा आता बऱ्याचदा बीपीएस असतं. प्लास्टिकमध्ये ते साखळीत जखडलेलं असतं, इथे सुटं असतं, पिठासारखं, म्हणून बोटाला सहज लागतं. युरोपने २०२० पासून अशा कागदातल्या बीपीएवर ०.०२ टक्क्याची मर्यादा घातली, पण बीपीएस त्या नियमात नाही, म्हणजे परत तीच उंदराच्या पिंजऱ्याची गोष्ट.

२०१४ मध्ये एका छोट्या अभ्यासात २४ जणांना दोन तास सलग पावत्या हाताळायला दिल्या, लघवीतलं बीपीए साधारण १.८ वरून ५.८ मायक्रोग्रॅम प्रति लिटरवर गेलं, आणि नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, हातमोजे घातल्यावर अशी ठळक वाढ दिसली नाही. तेव्हा मालकांना सांगून नायट्राइलच्या मोज्यांचा एक खोका मागवा, पोटात बाळ असताना मागायला लाज कसली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि फुकट आहे, काउंटरवर सॅनिटायझर लावून लगेच पावती धरू नका. सॅनिटायझर, तसंच हातावरचं क्रीम, कातडीतून आत जायची वाट सोपी करतं. खायच्या आधी साबण-पाण्याने हात धुवा. आणि गिऱ्हाईकाला पावती नको असेल तर छापूच नका, तो मान हलवून पुढे जाईल.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे. आमची पिढी प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी प्यायली, डीडीटी फवारलेल्या घरात झोपली, काही झालं नाही. आजकाल जरा काही झालं की केमिकल. ही भीती विकायची धंदेवाईक तऱ्हा नव्हे काय?

उत्तर : काका, भीती विकणारे आहेतच, तुमचं ते म्हणणं शंभर टक्के मान्य. पण 'मला काही झालं नाही' यात एक खोच आहे, ती एका औषधाच्या गोष्टीतून सांगते.

लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स नावाचे शास्त्रज्ञ कृत्रिम इस्ट्रोजेन शोधत होते. १९३६ मध्ये त्यांना बिसफेनॉल एमध्ये इस्ट्रोजेनचा गुण दिसला, हो, तेच बीपीए, प्लास्टिकमध्ये जायच्या कितीतरी आधी. मग १९३८ मध्ये त्यांना त्याहून जबरदस्त एक सापडलं, डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस. गर्भपात टळेल म्हणून ते गरोदर बायकांना द्यायला लागले. १९५३ मध्येच तुलना करून दिसलं होतं की काही उपयोग होत नाही, तरी ते पुढे वर्षानुवर्षं देत राहिले. घेतलेल्या आयांना तेव्हा वरवर काहीच झालं नाही. त्या पण हेच म्हणाल्या असत्या, आम्हाला कुठे काय झालं. आणि मग १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी आठ तरुण मुलींबद्दल लिहिलं, योनीमार्गाचा एक असा कॅन्सर जो त्या वयात जवळजवळ होतच नाही. आठपैकी सात जणींच्या आयांनी त्या पोटात असताना डीईएस घेतलं होतं.

म्हणजे रसायन घेणारी वेगळी आणि भोगणारी वेगळी, मधे पंधरा-वीस वर्षं. पोटातल्या बाळाचे अवयव घडताना हार्मोनचे जे निरोप जातात ते एकदाच जातात, तिथे गडबड झाली तर नंतर दुरुस्ती नाही, मोठ्या माणसात तोच निरोप चुकला तर शरीर सावरून घेतं. म्हणून या विषयात मी गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्याबाबतीत कडक असते आणि तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांबाबतीत बरीच सैल. तुम्ही तुमच्या जुन्या बाटलीतून पाणी प्या, मी काही बोलणार नाही. नातवंडाला मात्र त्यातून गरम काही देऊ नका.

डीईएस हे औषध होतं, मोठ्या मात्रेत दिलेलं, पावतीवरच्या बीपीएशी त्याची बरोबरी करणं हा पण अतिरेकच, हे तुमच्या बाजूने सांगते. आणि तज्ज्ञांतही एकमत नाहीये. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मात्रा वजनाच्या दर किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम ठरवली, आधीच्या त्यांच्याच आकड्यापेक्षा वीस हजार पट कमी, तर जर्मनीच्या सरकारी संस्थेने त्याच वर्षी २०० नॅनोग्रॅम म्हटलं. शेवटी २०२४ च्या डिसेंबरमध्ये युरोपने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदीच आणली, बदल करायला मुदत देऊन.

प्रश्न : मला थायरॉइड आहे, गोळी चालू आहे. नॉनस्टिक पॅनमुळे झालं असं जाऊ म्हणाली. तिने सांगितलेलं डिटॉक्स पेय सुरू करून गोळी हळूहळू कमी करू का?

उत्तर : नाही. गोळी कमी करायची की वाढवायची ते रक्त तपासून डॉक्टर सांगतील, जाऊबाई नाही, मी पण नाही. थायरॉइड कमी काम करण्यामागे बहुतेक वेळा शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उलटलेली असते किंवा काही भागांत आयोडीनची कमतरता असते, एका माणसात बोट दाखवून 'हे या पॅनमुळे' असं कोणालाच म्हणता येत नाही.

जाऊबाईंचं अगदीच हवेतलं नाहीये पण. नॉनस्टिकचा जो गुळगुळीत थर असतो तो स्वतः निरुपद्रवी असतो, चुकून खपली पोटात गेली तरी तशीच बाहेर पडते. भानगड होती तो बनवताना वापरायच्या पीएफओए नावाच्या रसायनाची. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कारखान्यातून ते आसपासच्या पिण्याच्या पाण्यात गेलं, तिथल्या हजारो लोकांची तपासणी झाली आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या समितीने सहा आजारांशी त्याचा संबंध असण्याची शक्यता आहे असं सांगितलं, त्यात थायरॉइडचे आजार आहेत. हे रसायन हट्टी आहे, बीपीए काही तासांत लघवीवाटे निघून जातं, हे रक्तात अर्ध्यावर यायलाच काही वर्षं घेतं. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात, म्हणजे अशा हट्टी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, त्यावर बंदी घालायचं ठरलं. तुमच्या पॅनचं म्हणाल तर रिकामं पॅन मोठ्या आचेवर विसरू नका, २६० अंशाच्या वर थर बिघडायला लागतो आणि त्या धुराने घरातला पिंजऱ्यातला पक्षी मरू शकतो, एवढा तो वाईट असतो. थर सोलला असेल तर लोखंडी किंवा स्टीलचं घ्या.

डिटॉक्स पेयाचं. ही रसायनं काढून टाकायला लिव्हर आणि किडनी आहेत, त्यांना कुठल्या रसाची मदत लागत नाही, फक्त रोज नवीन माल आत टाकू नका. २०११ मध्ये पाच कुटुंबांना तीन दिवस फक्त ताजं, डबाबंद नसलेलं आणि प्लास्टिकमध्ये न बांधलेलं अन्न दिलं, लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं. जुनं खाणं सुरू केल्यावर परत चढलं.

प्रश्न : मुलगी रांगायला लागलीय, सगळं तोंडात घालते. खेळण्यांशिवाय अजून कशाकडे बघू?

उत्तर : धुळीकडे. जुन्या सोफ्यांच्या, गाद्यांच्या फोममध्ये आग पकडू नये म्हणून घातलेली रसायनं, विनाइल फरशीतली थॅलेटं, सगळी हळूहळू सुटून घरातल्या धुळीत बसतात, आणि रांगणारं मूल त्या धुळीतूनच हात फिरवत तोच हात तोंडात घालतं. कोरडा झाडू मारू नका, धूळ उडून परत तिथेच बसते, ओल्या फडक्याने पुसा. मुलीचे हात खाण्याआधी धुवा. फोम उघडा पडलेली जुनी उशी असेल तर ती टाकून द्या. खेळण्यांत मऊ, लवचिक आणि उग्र प्लास्टिकचा वास येणारं जे असेल ते नको, मऊपणा बऱ्याचदा थॅलेटमुळे येतो, युरोप-अमेरिकेत खेळण्यांत त्यातल्या काहींवर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे पण खूप जुन्या, कोणीतरी दिलेल्या खेळण्यांना ती लागू झालेलीच नसते. माळ्यावरून काढलेली ती रबरी बाहुली परत माळ्यावर ठेवा, दिसायला कितीही गोड असली तरी.